म्हाताऱ्याच्या डोक्यावरची चटई

पेनिआमिनाने तिसऱ्यांदा कोकोचा मग पुढे केला. "ओत अजून. आज कुठे घाई आहे?"

घाई नव्हती म्हणे! खाणावळीच्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर, वाळूत, एक माणूस पहाटेपासून मान खाली घालून बसला होता. डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत चटई पांघरलेली. पायांचे पंजे तेवढे बाहेर होते, सुकलेले, भेगाळलेले. फुआतिनोला आपल्या नवऱ्याचं खाणंही बघवत नव्हतं आणि ते पंजेही.

चटईखाली कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. साकारिया. तीस वर्षांपूर्वी जमिनीच्या भांडणात यानेच पेनिआमिनाचं घर पेटवलं होतं. मायलेक अंगावरच्या कपड्यांनिशी ऑकलंडला गेले, आणि आई तिकडच्या थंडीतच गेली.

"भाऊ, उचल की ती चटई," खाणावळवाली मासिना हळूच म्हणाली. "पलीकडच्या गावाहून चालत आलाय म्हातारा माफी मागायला. तू चटई उचललीस की मिटलं सगळं. नाही उचललीस तर तो हलायचा नाही, तुला काय सांगायचं. ऊन डोक्यावर आलं की मरेल बिचारा."

"बसू दे. आमचं घर जळालं तेव्हा आम्हालाही जरा गरम झालं होतं."

असं म्हणून त्याने कच्च्या माशाचा वाडगा पुढे ओढला आणि त्यातलं नारळाचं दूध आवाज करत प्यायला. मग आणखी चार गुलगुले मागवले. पोट भरलेला माणूस इतकं कसं खाऊ शकतो, हे फुआतिनोला आता कळत होतं.

कळायला चार दिवस लागले, हाच तिचा मूर्खपणा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आपल्या बेटाची सैर, असं तो ऑकलंडला म्हणाला होता. बेटाच्या राजधानीत, अपियात, उतरल्या उतरल्या लालभडक मोठी गाडी भाड्याने घेतली. किनाऱ्याकिनाऱ्याने धबधबे झाले, खडकांतून उसळणारं पाणी झालं, भाजलेलं डुक्कर झालं, नारळाच्या दुधातली अळूची पानं तर रोज झाली. पण रोज काही ना काही निमित्त काढून तो साकारियाच्या गावातून गाडी काढायचा. कधी नारळ घ्यायचे राहिलेले असायचे, कधी धबधबा परत बघायचा असायचा. काचा खाली, कोपर बाहेर, आणि गाडी बैलाच्या चालीने. ओसरीवर एक म्हातारा बसलेला असायचा. त्याच्याकडे तो बघायचाही नाही. आपण दिसलो म्हणजे झालं.

"सैर माझ्या नावाची आणि मिरवणूक तुझी," ती आता म्हणाली.

"मग? बघू दे ना त्याला, मेलो नाही आम्ही."

फुआतिनो उठली आणि पायऱ्या उतरून वाळूत गेली. म्हाताऱ्याच्या पाठीमागून फिरून पुढे येताना तिची नजर चटईवर पडली आणि पाय थबकले. कापडासारखी मऊ, केवड्याच्या पातींची वीण, काठाला लाल पिसं. आणि डावा कोपरा जाड विणीचा, दुसऱ्याच कुणाच्या हातचा. सासूबाई शेवटच्या आजारात त्या कोपऱ्याचीच गोष्ट सांगायच्या. माझी आई एवढा एक कोपरा राहिला असताना मेली, तो मी विणला, माझा हात तेव्हा कच्चा होता. आगीत गेली गं माझी चटई.

"पेनी, इकडे ये. ही आईंची चटई आहे."

"आईची चटई जळाली," तो तिथूनच हसला. तरी उठून आला, हातात गुलगुला तसाच. कोपरा पाहिला आणि गुलगुला वाळूत पडला.

"कुठून आणलीस?"

"आधी चटई बाहेर काढली, मग काडी लावली." चटईखालून आवाज आला, कोरडा. "ही जाळायचा धीर झाला नाही, पेनी. आणि परत द्यायचाही झाला नाही."

"आई मरेपर्यंत हिच्यासाठी रडली, हरामखोरा!"

चटईखालची मान आणखी खाली गेली.

"दे इकडे."

"घे ना. तूच घ्यायची आहेस."

पेनिआमिनाचा हात पुढे गेला आणि काठाला बोट लागायच्या आत थांबला. चटई उचलली की माफी झाली. सगळ्या किनाऱ्यासमोर झाली. मासिना हातातलं फडकं तोंडाशी धरून पायरीवर उभी होती. त्याने हात मागे घेतला. परत पुढे केला. फुआतिनोला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की तिने स्वतःच ती चटई ओढली असती. पण ते तिचं काम नव्हतं.

ऊन आता सरळ वरून पडत होतं. त्या तापाने जुन्या पाती कडक पडायला लागल्या होत्या. कोपऱ्यातली एक तट्कन तुटली.

"पेनी, तुटतायत रे."

तो दात आवळून उभा राहिला. मग म्हणाला, "गाडीतली छत्री आण."

ती पळत जाऊन घेऊन आली. "कुणावर धरू?"

त्याने छत्री तिच्या हातातून हिसकावली आणि उघडली. "आईच्या चटईवर," तो म्हणाला. "याच्यावर नाही."

आणि हात लांब करून, स्वतः रणरणत्या उन्हात, तो छत्री धरून उभा राहिला. थोड्या वेळाने ते भेगाळलेले पंजे हळूच सावलीत सरकले. पेनिआमिनाने ते पाहिलं, आणि छत्री होती तिथेच धरली.