तांडेलाचं ताट

भिकाजींनी पेजेत बोटं घातली, चिमूटभर शितं उचलली आणि खिडकीवर भिरकावली. रसिकाने वाटी उचलली. सासऱ्यांना नको म्हणजे नको, हे तिला आता पाठ झालं होतं. ओल्या फडक्याने तिने खिडकीचे गज पुसले. घराला चार खिडक्या, पण रंग उडाला होता तो या एकाच पश्चिमेच्या खिडकीचा. रोज पुसून पुसून.

आजारी पडल्यावर पहिले तीन आठवडे हेच चाललं होतं. कधीकाळी मासेमारीच्या होडीवर सात खलाशांना हाकणारा हा तांडेल शिमग्यापासून एक शब्द बोलला नव्हता. माणसं ओळखत नव्हता. ताट पुढे ठेवलं की पहिलाच घास फेकायचा. तिने ताट उचललं की तिच्याकडे टकाटका बघत राहायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, भात-पेज मिक्सरमधून काढा आणि गिलासाने पाजा. ते मात्र घटाघटा प्यायचे. बरं चाललं होतं म्हणायचं.

मग वादळ आलं. सगळ्या देवबागेतले विजेचे खांब वाळूत आडवे झाले आणि मिक्सर मुका झाला. हाताने घोटलेली पेज दाटच राहायची. दाट दिसली की भिकाजींची बोटं तिच्यात जायची आणि पुढचं खिडकीला ठाऊक. तीन दिवसांत त्यांच्या पोटात गेला तो काळा चहा. मालवणच्या रस्त्यावर माडच माड पडलेले, खाडीतल्या होड्या बंद, मुंबईत नवऱ्याला, सुशांतला, फोन लागत नव्हता. रसिकाने कुंपणापाशी जाऊन शेजारच्या सावित्रीला दहाव्यांदा विचारलं, "लाइट इली काय गो खंय?"

"खांबच आडवे पडले आसत. लाइट खंयसून येतली?" सावित्री म्हणाली. तिचंही खरंच होतं.

गंमत अशी, की लाइटीशिवाय कसं राहायचं हे रसिका लोकांना शिकवायची. घरामागच्या सुरूच्या बनात तिचे चार तंबू होते. पुण्याची माणसं यायची, दोन दिवस विजेविना राहायची आणि धन्य होऊन परत जायची. उन्हावर चार्ज होणारे दिवे, वाऱ्यात न विझणारी गॅसची छोटी शेगडी, पॉवर बँका, सगळं तिच्यापाशी होतं. वादळाच्या दिवशी निम्म्या वाडीचे फोन तिने चार्ज करून दिले होते. फक्त मिक्सर फिरवील असं त्यात काही नव्हतं. पाहुण्यांनी कधी मिक्सर मागितलाच नव्हता.

आणि सासरे असं का करतात, हे विचारायचं तरी कोणाला? सासू जाऊन पाच वर्षं झालेली. सुशांतला बापाने शाळेत घातलं ते घातलं, होडीला पाय लावू दिला नाही. रसिकाचं माहेर वालावल, भातशेतीतलं. तिला अजून होडीत मळमळायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललाय आणि आपण फडकं घेऊन खिडकी पुसतोय, याचं तिला रडू येत होतं.

दुपारी पुन्हा पाऊस लागला. माड पडून फुटलेल्या कौलांतून स्वयंपाकघरात धारा लागल्या. रसिकाने एक तंबू आणून पुढच्या पडवीत उभा केला. जमिनीत खुंट्या ठोकता येईनात, म्हणून दोऱ्या खांबांना बांधल्या. तोंड अंगणाकडे, म्हणजे समुद्राकडे ठेवलं. आत दिवा टांगला. तोंडाशी शेगडी पेटवून भात आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, कढी केली. सासऱ्यांसाठी नव्हे, स्वतःसाठी. तिलाही भूक लागली होती आणि त्या भुकेची तिला लाज वाटत होती.

वाऱ्याने तंबूचं कापड फडफडू लागलं. शेगडी सूं सूं करत होती. तेवढ्यात भिकाजी भिंत धरत बाहेर आले. तंबूपाशी थांबले. कोणी न सांगता बरोबर तेवढेच वाकले आणि आत शिरले. मांडी घालून बसले, एक तळवा जमिनीवर टेकला. जमीन हलत असावी तसा. झुलणाऱ्या दिव्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"भात जालो काय रे गंगाराम?"

रसिकाच्या हातातून पळी पडली. गंगाराम त्यांच्या होडीवरचा खलाशी. तो जाऊन दहा वर्षं झाली होती. पण शिमग्यापासूनचा हा पहिला शब्द होता. त्यात चूक काढायची तिची छाती झाली नाही.

"जालो, तांडेलानू," ती म्हणाली आणि तिने वाढलं.

भिकाजींनी भात कालवला. नीट घास केला. कपाळाला लावला. आणि तंबूच्या तोंडातून बाहेर पावसात, समुद्राच्या दिशेने टाकला.

संपलं. इतक्या दिवसांच्या सवयीने रसिकाचा हात आपोआप ताटाकडे गेला.

भिकाजींनी तिचं मनगट धरलं. वाळक्या हाताला एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज खलाशाला दटावणाऱ्या तांडेलाचा नव्हता, अजिजीचा होता.

"दर्याचो घास दर्याक दिलंय रे. आता तरी माका जेवूक दी. रोज माजा ताट कित्याक उचलतंस?"