कबनूरचा ठिपका

एखादी वेबसाइट जगात कोण कुठून उघडतंय, ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारा प्रोग्रॅम दीक्षानं निव्वळ हौसेपोटी वर्षभर खपून बनवला होता. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या प्रदर्शनात तिनं कबनूरच्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या आईला फोन केला. “आये, माझी साइट उघड की.” आईनं उघडली, पण ठिपका मुंबईत उमटला. दीक्षानं तिथल्या तिथं प्रोग्रॅम बदलला: माणूस सांगेल तेच गाव खरं. आईनं गाव लिहिलं आणि ठिपका कबनूरला आला. परीक्षक करवादले, “फोन कंपनीच्या नोंदीत या इंटरनेट जोडणीचं ठिकाण मुंबईच आहे. हा खोटा ठिपका पूस, नाहीतर बक्षीस विसर.” “सर, माझी आई आत्ता कबनूरात कांड्या भरतीया. नोंद खोटी हाय, आई न्हाय!” दीक्षा ताडकन म्हणाली. बक्षीस दुसऱ्याला गेलं. संध्याकाळी कारखान्यातल्या बायकांनीही साइट उघडून गाव लिहिलं आणि कबनूरवर एकदम सतरा ठिपके पेटले.