क्लिअरचे नऊ अर्थ

“निर्दोष,” म्हणत इंग्रजी शिकवायला आलेल्या मॅडमनी फळ्यावर नववा अर्थ लिहिला. “कोर्टातून माणूस सुटतो ना, तेव्हाही त्याला क्लिअर म्हणतात.”

पत्रा दाबायची प्रेस चालवणाऱ्या प्रेसवाल्याच्या मानेवरून घाम ओघळला. कारखान्याच्या कँटीनमधल्या बाकांवर चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि एकही जण त्याच्याकडे बघत नव्हता. ते न बघणंच त्याला टोचत होतं.

फळ्यावर आधीचे आठ अर्थ होतेच. स्वच्छ. मोकळा. स्पष्ट. निरभ्र. पारदर्शक. पार करणे. मंजूर करणे. रिकामं करणे. शेजारी त्यांचे इंग्रजी भाऊबंद: क्लीन, एम्प्टी, प्लेन, ट्रान्स्परंट. वीस-वीस वर्षं ही माणसं इथे पत्रा दाबत आली. यांना चार इंग्रजी शब्द शिकवावेत असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. सहा दिवसांपूर्वी प्रेसखाली एक माणूस मेला आणि कंपनीला शब्दकोश आठवला.

मेलेला माणूस प्रेसवाल्याच्या बहिणीचा नवरा. दाजी. अडकलेला तुकडा काढायला दाजी प्रेसच्या दारातून आत वाकले होते. मशीनच्या या बाजूने ते दिसत नव्हते. समोरचा दिवा हिरवा होता आणि प्रेसवाल्याने बटण दाबलं.

कंपनीने चौकशीच्या कागदावर लिहून टाकलं होतं: ‘प्रशिक्षण दिलेले असूनही मयताने बाहेर येण्यापूर्वीच क्लिअर अशी हाक दिली.’ प्रेसमधून बाहेर आलं की ‘क्लिअर’ अशी हाक द्यायची आणि मगच बटण दाबायचं, असा नियम. म्हणजे जो मेला तोच चुकला. वास्तविक दाजींनी हाक दिलीच नव्हती. क्लिअर नाही, दुसरी कसलीही नाही. हे प्रेसवाल्याला माहीत होतं. आज सकाळी ताईने त्याला दारातच धरलं होतं. “खरं सांग रे, चूक ह्यांचीच होती का?” रडून रडून तिचा आवाज बसला होता. तो “मला काय माहीत” म्हणाला आणि चपला घालून निघाला. कोपऱ्यापर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“मॅडम,” मागून लांब्या बोलला, “बायको म्हणते जरा डोकं क्लिअर ठेवत जा. त्यात कुठला अर्थ घ्यायचा?”

“आठवा!” कुणीतरी ओरडलं. “रिकामं! ते तर आहेच की तुझं!”

सहा दिवसांत पहिल्यांदा माणसं हसली. तेवढ्यात दारातून प्रेसखात्याचे साहेब आत आले आणि हसू जागच्या जागी मेलं.

साहेबांनी प्रशिक्षणाच्या हजेरीचा कागद पहिल्या बाकावर ठेवला. “सह्या करा आणि घरी जा. उशीर झालाय.”

कागद बाकाबाकावरून सरकू लागला. मान खाली, सही, पुढे. मान खाली, सही, पुढे. मॅडम फळा पुसायला लागल्या. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

कागद प्रेसवाल्यापुढे आला. वर तारीख होती, मागच्या महिन्यातली, दाजी जिवंत असतानाची. त्याला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. त्याने बोट ठेवून पुन्हा वाचली. मग बोट खाली उतरलं आणि सत्ताविसाव्या ओळीवर थांबलं. तिथे दाजींचं नाव होतं. नावापुढे झोकदार इंग्रजी सही, शेवटी वळण घेतलेली, खाली दोन ठिपके.

दाजी पगाराच्या कागदावरसुद्धा अंगठा लावायचे. शाईची डबी स्वतःच्या खिशात ठेवायचे. “तुमच्या सह्या कुणीही मारील,” म्हणायचे, “माझा अंगठा कापूनच न्यावा लागेल.” ज्याने कुणी ही सही ठोकली होती त्याने दाजींना कधी डोळे उघडून पाहिलं नव्हतं. पंचवीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून जाणारा माणूस.

खांद्यावर हात पडला. साहेबांचा. हात जड नव्हता.

“कर सही,” साहेब कानाशी वाकले. “बटण तू दाबलंयस, हे विसरू नकोस. ही सही केलीस तर तू साक्षीदार. नाही केलीस तर काय होशील, ते मी सांगायला हवं का? बहिणीच्या पोरांकडे आता तुलाच बघायचंय ना?”

त्याने पेन उचललं. टोक कागदाला टेकवलं आणि एक वाकडी रेघ उमटली. सही केली की सुटका. आरोप नाही, तुरुंग नाही, उद्या सकाळी नेहमीसारखा कामावर. फक्त दाजी स्वतःच्या चुकीने मेले, एवढं कायमचं लिहिलं जाईल. पोरं मोठी होऊन तेच वाचतील.

आणि एक गोष्ट इथे कुणीच विचारत नव्हतं. प्रेसचं दार उघडं असलं की दिवा लाल होतो आणि प्रेस जागची हलत नाही. मशीन बनवतानाच तशी बनवलेली असते. या खोलीतल्या चाळीसही जणांना ते ठाऊक होतं. मग दाजी आत असताना दिवा हिरवा कसा? पोलिसांनी विचारलं नाही. मॅडमनी नऊ अर्थ शिकवले, पण हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

त्याने पेन खाली ठेवलं. उठून उभा राहिला. त्याने बाकाची कड घट्ट धरली.

“काय रे?” साहेब म्हणाले.

“प्रेसचं दार उघडं असलं तरी दिवा हिरवाच राहावा, काम थांबू नये म्हणून दाराच्या स्विचला तार बांधली होती.” त्याचा आवाज फाटला, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. “तुम्ही ती धरून ठेवली होतीत, साहेब. पीळ मी दिला.”