बिनचूक

मालकाच्या कोंदट खोलीत तो दिवसाचे चौदा तास मान मोडून गेम खेळायचा. अकाउंट वरच्या लेव्हलला पोचलं की मालक ते विकायचा. आजचं खपलं, तर तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला लेकीकडे जायला दोन दिवस सुट्टी मिळणार होती. गिऱ्हाईक मात्र पक्कं निघालं. आधीचा सगळा खेळ तपासून फोनवर म्हणालं, "एकही चूक नाही? हे मशीननं खेळलंय. गेमवाले उद्याच अकाउंट बंद करतील. नको मला."

फोन आपटून मालक त्याच्यावर खेकसला, "गाढवा, अधूनमधून चुकत जा की माणसासारखा!"

त्यानं स्क्रीनवरची नजर हटवली नाही. "चुकलो म्हणूनच तर मागची सुट्टी कापलीत ना, मालक?"