हुबेहूब

"आपण चार माणसं," मास्तर म्हणाले, "आणि त्यातलं एक माणूस दीड महिना नुसती चित्रं काढतंय."

ते एक माणूस समोरच बसलं होतं. ऑफिसात तिला सगळे चित्रकार म्हणत, आधी कौतुकानं, अलीकडे थोडं खोचकपणे. मास्तर इथले सर्वांत जुने प्रोग्रामर. कुठलीही गोष्ट फळ्यावर समजावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून मास्तर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एवढ्याशा टीमला स्क्रीन आखायचं वेगळं टूल कशाला हवं? पेन्सिलीनं कागदावर चार चौकोन काढावेत आणि कोड लिहायला बसावं. जे शेवटी टाकूनच द्यायचं, ते इतकं घोटायचं कशासाठी?

मालक, म्हणजे दादा, ऐकत होते. आज निकाल लावायचा, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. टूल गेलं की चित्रकारही गेली, हे कुणी बोललं नव्हतं. पण पुढच्या महिन्याच्या कामाच्या तक्त्यात तिच्या नावापुढची जागा कोरी होती आणि ती तिनं पाहिली होती.

काम एका वृद्धाश्रमाचं होतं. औषधांची वही फोनवर आणायची. बावीस जणांची नावं, प्रत्येकाच्या सकाळच्या गोळ्या: रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करणारी. पुढे एक गोल. गोळी दिली की गोलावर बोट ठेवायचं, हिरवी खूण उमटते. यातला कोड अजून एक ओळही लिहिलेला नव्हता. होती ती चित्रं. पण या टूलमध्ये चित्रं एकमेकांना जोडता येत. गोलावर बोट ठेवलं की खुणेचं चित्र पुढे येई. मागे काहीच साठत नसे. पुन्हा उघडलं की पुन्हा पहिलं चित्र.

चित्रकारानं त्यात आश्रमाच्या वहीतली खरी नावं आणि खरी औषधं घातली होती. खोट्या नावांवरून नजर घसरते, हा तिचा अनुभव. वरच्या कडेला 'नमुना' अशी करडी पट्टी होती. तिच्यामुळे शेवटची ओळ स्क्रीनबाहेर जात होती, म्हणून तिनं ती काढून टाकली. मग रविवारी तिनं आश्रमाच्या मोठ्या सिस्टरना लिंक पाठवली. बघा आणि कसं वाटतं ते कळवा, एवढंच लिहिलं.

"हुबेहूब दिसतं, मान्य," मास्तर म्हणाले. "दिसून उपयोग काय?"

चित्रकार म्हणाली, ज्यांना वापरायचंय त्यांनाच विचारू. दादांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मोठ्या सिस्टर घाईत होत्या. दोन आजोबांना कालपासून उठवत नव्हतं, एका आजींच्या नाकातून रक्त आलं होतं. हवाच वाईट आहे, म्हणाल्या, डॉक्टर येताहेत. पण फोनवरच्या वहीचं नाव निघताच त्यांचा आवाज खुलला. अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात, म्हणाल्या. आधी कुणीतरी पेन्सिलीनं काढून पाठवलं होतं, ते त्यांना फरशी बसवायचा नकाशा वाटलं होतं. दादा मोठ्यानं हसले. मास्तरांनी छताकडे पाहिलं, मग तेही हसले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. दादांनी तक्ता पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

चित्रकारानं कितीतरी दिवसांनी पाठ खुर्चीला टेकवली.

सिस्टर सांगतच होत्या. गोळ्या देणाऱ्या सगळ्या मुलींच्या फोनवर त्यांनी ते घालून दिलं होतं. सोमवारपासून जुनी वही कपाटात. आज चौथा दिवस.

मास्तरांचे हात हळूहळू खाली आले. दादा अजून लिहीत होते.

"सिस्टर," चित्रकार म्हणाली. ती फोनकडे वाकली. "तुम्ही हे रोज वापरताय?"

"वापरतेय म्हणजे काय! अगं पोरी, त्यामुळेच तर एक गोष्ट कळली. सकाळच्या पाळीच्या मुली पक्क्या कामचुकार निघाल्या. संध्याकाळी माझ्या फोनवर बघावं, तर एकाच्याही पुढे खूण नाही. विचारलं तर म्हणतात, आम्ही दिल्या गोळ्या. आता फोन खोटं कशाला बोलेल? मग रोज संध्याकाळी मीच देते, सगळ्या बावीस जणांना."