करंगळी

शेवटच्या बाकावरची करंगळी वर झाली आणि हर्षालीचा खडू फळ्यावरच थांबला.

डी.एड.चा सराव पाठ होता, त्यामुळे सोबतचे सगळे भावी शिक्षक तिसरीतली पोरं झाले होते. दोन लेकरांचा बाप असलेला बाबुराव तर "बाई, हिनं माझं खोडरबर घेतलं" म्हणून गळा काढत होता. हर्षालीचा आवाज मात्र पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. वर्ग आवरला नाही तर सोमवारी शाळेवर पाठवणार नाही, असं गुण द्यायला बसलेल्या निकाळजे सरांनी बजावलं होतं. बाईंना विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हा नियमही सरांचाच. आणि ती करंगळीही सरांचीच.

"बाई, जाऊ?"

म्हणजे सरसुद्धा पोर झाले. हीच खरी परीक्षा, असं धरून हर्षालीनं पदर खोचला.

"मधल्या सुट्टीत काय करत होतास रे? बस खाली."

सर बसले. बाबुरावाचं रडं जागच्या जागी थांबलं.

पाच मिनिटांनी करंगळी पुन्हा वर. "बाई, खरंच लागलीय."

"सगळे असंच म्हणतात. हाताची घडी, तोंडावर बोट."

अठ्ठावन्न वर्षांच्या सरांनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि पायांचीही घडी घातली. पाठ नेमका पाण्याचा होता. झरा, ओढा, नदी, धबधबा, सगळं हर्षालीनं खणखणीत आवाजात शिकवलं.

घंटा झाली तसे सर टेबलावर गुणपत्रक टाकून पळाले. त्यावर घाईघाईत खरडलं होतं, "वर्गनियंत्रण दहापैकी दहा. सोमवारी शाळेवर जा. पण पोरांना सोडत जा."