लायसनचा फॉर्म

साहेब, दोन्ही वेळा चूक तुमचीच.

माझा भाऊ महिपत चिपळूण ते अलोरे सहा आसनी रिक्षा चालवायचा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. नऊ वर्षं जेवल्यावर रोज एक गोळी, आणि नऊ वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. लायसनची मुदत संपली. मनाच्या आजारावर औषध चालू आहे का, असं फॉर्मवर विचारलं होतं. त्याने 'होय' लिहिलं आणि गाडी चालवायला हरकत नसल्याची डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. तुम्ही ती उघडलीही नाहीत. आरटीओच्या खिडकीतून सगळ्या रांगेसमोर म्हणालात, "वेड्याला लायसन देऊ? माणसं मारशील उद्या."

सहा महिने तो घरी बसला. मीच म्हटलं, "नाही लिही रे. कोण बघतोय?"

"खोटं कसं लिहू, ताय? खाली सही माझीच ना?"

मग एक दिवस त्याने खरंच 'नाही' लिहिलं. तुम्ही मान वर न करता शिक्का मारलात.

मी हसून विचारलं, "लिहिलंस ना शेवटी खोटं, हरिश्चंद्रा?"

"खोटं कशाला? दोन महिने झाले गोळी बंद करून."

आज सकाळी गाडी काढताना म्हणाला, मागच्या सीटवरची माणसं त्याच्याबद्दल कुजबुजतायत. गाडीत कोणीच नव्हतं. मी चावी लपवली. आता तो तुमचं लायसन माझ्यासमोर नाचवतोय. "सायबाने मला फिट ठरवलाय. तू कोण गो?"

उत्तर द्या, साहेब. तो दारात उभा आहे.